वेरूळच्या वाटेवर एक जेवण मराठवाड्याचे

वेरूळची इंद्रसभा पाहून पाहुणे मंडळी छत्रपती संभाजीनगरला परततात आणि गाडीतच थेपल्यांचा डबा उघडतात. ‘इथले आपल्याला काय चालणार?’ हा प्रश्न आम्हा स्थानिकांना नेहमीच ऐकावा लागतो. शहराची ख्याती नानखलियासाठी, आणि तो पदार्थ मांसाहारी. त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु मराठवाड्याचे घरगुती ताट आपल्या आहारनियमांपासून फारसे दूर नाही.

या ताटाचा मान येसराच्या आमटीला आहे. धान्ये, हरभऱ्याची डाळ, धने, सुके खोबरे असे जिन्नस भाजून दळले की येसर तयार होते. ते पाण्यात कालवून उकळत्या आमटीत सोडतात. लग्नाच्या पंगतीत तिचा सुगंध मांडवभर दरवळतो. तिची खरी चव भाजलेल्या धान्याची असल्यामुळे कांदा-लसूण वगळून जिरे, हिंग व कढीपत्त्याची फोडणी दिली तरी काही उणे पडत नाही. मात्र तयार येसरात कांदा-लसूण नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. सोबत ज्वारीची गरम भाकरी व शेंगदाण्याची कोरडी चटणी असावी; चटणीही लसणाविना सांगावी.

न्याहारीला धपाटे मागवावेत. ज्वारीच्या पिठात बेसन मिसळलेले असेल, तर कच्च्या दह्याबरोबर द्विदलाचा दोष लागतो. अशा वेळी साजूक तुपाबरोबर खावेत. ताकाचेही तसेच. डाळीच्या जेवणाबरोबर न घेता ते स्वतंत्र वेळी प्यावे.

हिवाळ्यात आलात तर हुरडा चुकवू नये. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात आणि हातावर चोळून गरम दाणे पाहुण्यांपुढे ठेवतात. हा सोहळा शेतावर दिवसाउजेडी होत असल्याने रात्रिभोजनत्यागाला बाधा येत नाही. उन्हाळ्यात कैरी उकडून केलेले गुळाचे पन्हे शीण घालवते. शेजारच्या जालना जिल्ह्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा रस बर्फाविना, समोर काढून घ्यावा. वेरूळच्या वाटेवर दौलताबाद परिसरात हंगामानुसार सीताफळे व पेरू विकायला असतात. ज्यांच्या घरी बहुबीज फळे वर्ज्य आहेत, त्यांनी आपला नियम सांभाळावा.

प्रवासाचा बेतही थोडा जपून आखावा. लेणी मंगळवारी बंद असतात. जैन लेणी, म्हणजे क्रमांक ३० ते ३४, उत्तर टोकाला असल्याने कैलास लेणे पाहण्यात वेळ गेला की त्यांना उशीर होतो. मग सूर्यास्तापूर्वीचे जेवण घाईत उरकावे लागते, नाहीतर राहूनच जाते. म्हणून सकाळी प्रथम जैन लेणी पाहावीत आणि जेवणाची सूचना आदल्या दिवशीच द्यावी: ‘कांदा, लसूण, बटाटा नको, दिवस मावळण्यापूर्वी जेवू.’ एवढे स्पष्ट सांगितले की रांधणाऱ्यालाही अडचण पडत नाही.

थेपल्यांचा डबा अवश्य सोबत असू द्यावा; प्रवासात तो उपयोगी पडतोच. परंतु ज्या भूमीत आपल्या पूर्वजांनी हजार वर्षांपूर्वी जिनप्रतिमा कोरल्या, तिथले एक वेळचे अन्न मुलांच्या पानात पडू द्यावे. घरी गेल्यावर त्यांना लेण्यांबरोबर भाकरी-आमटीही आठवेल.