शंट बंद पडला तर दोष कुणाचा?

मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत सतत पाणी तयार होत असते. प्रौढ माणसात दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर. त्याची वाट अडली की पाणी साचते, मेंदूवर दाब येतो आणि तान्ह्या बाळाचे डोके वाढू लागते. हा हायड्रोसेफेलस. त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे शंट: मेंदूतून निघून कातडीखालून पोटात उतरणारी सिलिकॉनची बारीक नळी आणि दाब वाढला की उघडणारा व्हॉल्व्ह. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनणाऱ्या स्वस्त छाब्रा शंटमुळे ही शस्त्रक्रिया गरीब घरांच्याही आवाक्यात आली.

ही नळी जन्मभर चालेल असे कुणीच सांगू शकत नाही. लहान मुलांतले जवळपास ४० टक्के शंट पहिल्या वर्षातच बंद पडतात किंवा बदलावे लागतात. काहींत जंतुसंसर्ग होतो. कुशल हातांनी बसवलेला शंटही तुंबतो. म्हणून नुसता शंट बंद पडला यावरून डॉक्टरांचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

दाव्याला खरा आधार मिळतो तो उशिरामुळे. उलट्या, डोकेदुखी, गुंगी ही शंट तुंबल्याची लक्षणे पित्ताची किंवा साध्या तापाची वाटतात. पण डोक्यात शंट आहे हे ठाऊक असताना आधी शंटच तपासायचा असतो, सीटी स्कॅन आणि नळीच्या मार्गाचे एक्स-रे काढून. ते न करता मुलाला गोळ्या देऊन घरी पाठवले, तर काही तासांत दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. अशी चूक माफ करण्याजोगी नाही.

न्यायालयाची कसोटी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरली. १९५३ मध्ये कोकणात पालशेतला अपघातात पाय मोडलेल्या तरुणाचा पुण्यात उपचारादरम्यान मृत्यू झाला. जोशी विरुद्ध गोडबोले या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सांगितले, की रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. सगळ्यांवर मोफत उपचार करणारी रुग्णालये मात्र त्याबाहेर राहिली. तिथल्या चुकीसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, असे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने ठरवले.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली, तरी नाशिकच्या कुटुंबाला नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. रुग्णालयाला मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली की हा आयोग प्रकरण ऐकतो. ती ५ लाखांच्या आत असेल तर शुल्कही लागत नाही. व्हॉल्व्हच सदोष निघाला, तर याच कायद्याखाली उत्पादकालाही जबाबदार धरता येते.

निकाल मात्र कागदांवर ठरतो. रुग्णालयाने मागणीनंतर ७२ तासांत केसपेपर द्यावेत असा २००२ चा नियम आहे. संमतिपत्र, डिस्चार्ज कार्ड, शंटच्या पाकिटावरचे स्टिकर, स्कॅनच्या फिल्म हे सारे पालकांनी पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे.