फाइल कोठें जन्मास येते?

‘डाव्या हातचें तिसरें घर’ एवढाच पत्ता पाकिटावर लिहिला, तर पत्र कोणाच्या घरीं पडेल? पोस्टमन ज्या चौकांत उभा असेल, त्यावर तें अवलंबून राहील. संगणकावरील पुष्कळ फाइली ‘हरवतात’ त्या ह्याच कारणानें.

प्रोग्राम स्वतः फाइल निर्माण करीत नाहीं. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे तशी मागणी करितो. युनिक्स व लिनक्स पद्धतींत तिरप्या रेघेनें आरंभ होणारा ‘/घर/हिशेब/जमाखर्च’ हा पूर्ण पत्ता होय. तो मुळापासून मोजतात. नुसता ‘हिशेब/जमाखर्च’ हा सापेक्ष पत्ता. तो प्रोग्राम जेथें ठेवलेला आहे तेथून मोजला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण ती चुकीची आहे. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामास एक कार्यस्थान, म्हणजे उभें राहण्याचें फोल्डर, असतें. तें त्यास सुरू करणाऱ्याकडून वारशानें मिळतें, आणि सापेक्ष पत्ता तेथून मोजला जातो.

हा वारसा एकाच दिशेनें चालतो. युनिक्सचा आरंभ अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं झाला. तिच्या कर्त्यांपैकीं डेनिस रिची यांनीं नमूद केलें आहे कीं, प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणें चालविण्याची सोय होतांच कार्यस्थान बदलणारी आज्ञाच निकामी झाली! ती स्वतःचें स्थान बदली व संपून जाई. तिला सुरू करणारा ‘शेल’ प्रोग्राम होता तेथेंच राही. अखेर ती आज्ञा शेलच्याच अंगीं घालावी लागली.

आतां हिशेबाचा प्रोग्राम एके दिवशीं भलत्याच फोल्डरांतून सुरू केला, तर काय होईल? वाटेंतील ‘हिशेब’ हें फोल्डर तेथें नसल्यास मागणी फेटाळली जाईल. निदान चूक तरी कळेल. तें असून आंत ‘जमाखर्च’ नसल्यास निमूटपणें नवी, कोरी फाइल तयार होईल. त्याच नांवाची दुसरी फाइल तेथें असली, व प्रोग्राम नव्यानें लिहिणारा असला, तर तिच्यांतील मजकूर तत्क्षणीं पुसला जाईल. ह्या दोन्ही प्रसंगीं कसलीही तक्रार उमटणार नाहीं.

म्हणून महत्त्वाच्या फाइलीस पूर्ण पत्ता द्यावा, हें उत्तम. आणि फाइल सांपडेनाशी झाली, तर प्रोग्राम कोठें ठेवला आहे हें न पाहतां, तो कोठून सुरू केला होता हें आधीं आठवावें.