आनंदीबाई जोशींचा प्रबंध बाळंतपणावरच का होता?

कल्याणमध्ये वाढलेल्या यमुनेचं लग्न नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी झालं आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. उपचारांअभावी तो दहा दिवसांतच दगावला.

अडचण नेमकी काय होती?
पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा आपल्याकडच्या बायका मरण पत्करतात, असं आनंदीबाईंनी १८८३ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजला प्रवेशासाठी पाठवलेल्या पत्रात लिहिलं.

पुढे काय झालं?
१८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. ती स्वीकारण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानं त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं २१.