काठावरचे आकडे

मराठीत फिल्मचा रोल 'डेव्हलप' करत नसत, तो धुवायला टाकत. वरवर ढोबळ वाटणारा हा शब्द न्हाणीघरात किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर कृष्णधवल रोल स्वतः धुणाऱ्याला फार नेमका वाटेल. पाणी किती गरम, किती जड, त्यात काय मिसळायचे, किती वेळ ठेवायचे आणि शेवटी ते सगळे किती निगुतीने धुऊन काढायचे, यापलीकडे या कामात फारसे काही नाही. म्हणूनच त्याला 'जादू' म्हणण्याची रीत मला पटत नाही. जादूत कारण लपवलेले असते. इथे प्रत्येक कारण फिल्मवर उमटून राहते. घरच्या डार्करूममधला आनंद आणि तिथले अपघात यांची मी फारकत करणार नाही. बिघडलेली निगेटिव्ह कशामुळे बिघडली हे तिच्यावरच लिहिलेले असते, आणि ते वाचता येऊ लागणे हे या कामातले सर्वांत मोठे सुख आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा फिल्मच्या काठावर असतो. कारखान्यातच फिल्मच्या काठांवर तिचे नाव आणि चौकटींचे आकडे प्रकाशाने उमटवलेले असतात. चित्राप्रमाणे तेही आधी अदृश्य असतात आणि डेव्हलपरमध्ये गेल्यावर काळे होऊन दिसू लागतात. कॅमेऱ्याशी काडीचा संबंध नसलेला हा साक्षीदार. रोल कोरा निघाला तर कपाळाला हात लावण्याआधी काठ पाहावा. आकडे ठळक आहेत आणि चित्र नाही, तर रसायनांनी आपले काम चोख केले आहे. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती किंवा शटर उघडले नव्हते. आकडेही नाहीत, तर डेव्हलपर निकामी झाला होता किंवा घाईत त्याच्याआधी हायपो, म्हणजे फिक्सर, ओतला गेला. आकडे आणि चित्र दोन्ही फिकट, तर वेळ कमी पडला किंवा डेव्हलपर थकला होता. आकडे गडद पण चित्र विरळ, तर फोटो काढतानाच प्रकाश कमी दिला होता. दोष कॅमेऱ्याचा की फिल्म धुण्याच्या टँकचा, हा निवाडा इतक्या स्वच्छपणे देणारी व्यवस्था फार थोड्या कामांत सापडते.

बाकीच्या चुकाही आपापली खूण सोडतात. सिनेमांनी लाल दिव्याची इतकी सवय लावली आहे की फिल्मही त्याच उजेडात धुतात असा अनेकांचा समज असतो. लाल दिवा चालतो तो प्रिंटच्या कागदाला. आजच्या बहुतेक फिल्मना लाल प्रकाशही दिसतो, त्यामुळे ३६ फोटोंची दीड मीटरहून लांब पट्टी टँकमधल्या स्पायरलवर चढवायची ती मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांच्या भरवशावर. कोकणातल्या पावसाळ्यात हेच काम जिवावर येते. हवेतल्या दमटपणाने, चेंजिंग बॅगमध्ये घामेजलेल्या हातांनी किंवा आदल्या रोलनंतर नीट न वाळलेल्या स्पायरलमुळे फिल्म मध्येच चिकटते. जोर लावला की ती दुमडते, आणि धुतल्यावर तिथे नखाएवढी काळी चंद्रकोर दिसते. पट्टीचे दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तिथे रसायन पोचतच नाही आणि दुधी डाग राहतो. टँक ओट्यावर टकटक आपटून बुडबुडे सोडवले नाहीत तर प्रत्येक बुडबुड्याच्या जागी पारदर्शक ठिपका उरतो. टँक फार जोरात हलवला तर काठाच्या छिद्रांतून उसळणाऱ्या द्रावाचे पट्टे चित्रात शिरतात. द्राव कमी भरला तर पट्टीची एकच कड लांबभर फिकी राहते. यातली एकही खूण दुसरीसारखी नाही.

आता आपल्या हवेचा प्रश्न. फिल्मबरोबर येणारे तक्ते २० अंश सेल्सिअस धरून बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते. इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ हा डेव्हलपर पाणी न मिसळता वापरला तर २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात. तापमान एका अंशाने वाढले की वेळ ढोबळमानाने दहाव्या हिश्शाने घटतो. म्हणजे ३० अंशांना जेमतेम अडीच-तीन मिनिटे उरतात, आणि इतक्या थोड्या वेळात द्राव ओतण्या-काढण्यातले सेकंदही जाणवतात. आभाळ पट्ट्यापट्ट्यांचे होते. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नये ही जुनी शिकवण याचसाठी. शिवाय गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडते आणि बोट लागले तरी ओरखडा उठतो. 'मग हा थंड देशांचाच छंद' असे यावर सहज म्हटले जाते. उटीला इंदू फिल्मचा सरकारी कारखाना उभारताना तिथली थंड आणि निर्मळ हवा विचारात घेतली होती, हे खरेच आहे. पण कारखान्याची गरज आणि एका टँकची गरज यांत अंतर आहे. त्याच डेव्हलपरमध्ये समभाग पाणी मिसळले की २० अंशांचा वेळ १३ मिनिटे होतो आणि २६ अंशांना सात मिनिटांच्या आसपास येतो. बर्फ टाकायचा तो द्रावात टाकू नये, बाटल्या ठेवलेल्या घमेल्यात टाकावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणीही बरेच काम भागवते. रत्नागिरीच्या दमट हवेत माठाची मात्रा तितकी चालत नाही. जिलेटिन घट्ट करायला जुने लोक हायपोत जे पोटॅश अॅलम घालत ती आपली तुरटीच. खरे पथ्य एकच: डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळी पाणी जवळपास एकाच तापमानाची हवीत.

एवढा खटाटोप कशासाठी, रोल लॅबला द्यावा, हा आक्षेप गंभीर आहे. रंगीत फिल्मपुरता तो मला मान्यही आहे. तिचा डेव्हलपर ३८ अंशांच्या आसपास सव्वातीन मिनिटे लागतो आणि थोडी गफलत झाली तरी रंग सरकतात. यंत्राला हे उत्तम जमते. कृष्णधवल फिल्मची गोष्ट निराळी, कारण तिचा योग्य वेळ रोलवर काय टिपले आहे यावरही ठरतो. निगेटिव्हमधल्या सावल्यांचा तपशील मुख्यतः कॅमेऱ्यात दिलेल्या प्रकाशावर ठरतो; उजळ भाग किती गडद होतील हे बरेचसे धुण्याच्या वेळावर अवलंबून असते. मे महिन्यातल्या दुपारी पांढऱ्या धोतराचा लखलखाट आणि ओसरीतला काळोख एकाच चौकटीत आला, तर थोडा जास्त प्रकाश देऊन वेळ पंधरा-वीस टक्के कमी करावा. धोतराच्या चुण्या शाबूत राहतात. आषाढातल्या ढगाळ, सपाट उजेडातला रोल असेल तर वेळ वाढवावा, म्हणजे ओल्या दगडाला धार येते. शेकडो रोल एकाच वेळाने काढणाऱ्या यंत्राला हा फरक करता येत नाही. ज्याने त्या उजेडात उभे राहून फोटो काढला त्याला तो करता येतो.

घरी असले काम व्यवस्थित होत नाही, या शंकेला उत्तर आपल्या सिनेमाच्या आरंभातच आहे. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या राहत्या घरी धुतली जात असे. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे हे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या आणि त्यांनी ते संसार सांभाळून केले. हे काम घरी अचूक होऊ शकते, याचा याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे, आणि हल्ली तो जास्त ऐकू येतो: चुका सुधारायच्या कशाला, डाग-ओरखड्यांतच तर फिल्मचे सौंदर्य आहे. ही मांडणी आळशी आहे असे मला वाटते. छायाचित्रकार मॅन रे आणि ली मिलर यांच्या डार्करूममध्ये १९२९च्या सुमारास धुणे चालू असताना दिवा लागला आणि आकृतींच्या कडांना काळ्या रेषा आल्या, ही गोष्ट नेहमी सांगतात. पुढचा भाग मात्र गाळतात. त्या दोघांनी दिवा केव्हा आणि किती वेळ लावायचा हे परत परत करून पाहिले, तेव्हा त्या अपघाताची रीत झाली. कारण न शोधता मिरवलेला डाग डागच राहतो.

पाणी आणि सांडपाणी यांवरचा आक्षेप मात्र टाळता येणार नाही. दुष्काळी तालुक्यात नळ सोडून अर्धा तास फिल्म धुणे अक्षम्यच. त्याची गरजही नाही. टँक पाण्याने भरून आधी ५ वेळा, मग नवे पाणी घेऊन १० वेळा आणि पुन्हा नवे घेऊन २० वेळा उलटासुलटा केला की एक रोल साधारण लिटरभर पाण्यात धुऊन होतो. शेवटी बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरले की बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही राहत नाहीत. हायपोची गोष्ट जास्त जपण्याची. जॉन हर्शेल यांनी १८१९मध्ये दाखवून दिले की हायपो चांदीचे क्षार विरघळवतो. म्हणजे वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. तो मोरीत ओतू नये. गंजणाऱ्या साध्या स्टील वूलचा गोळा त्यात काही दिवस ठेवला की लोखंड विरघळते आणि चांदी गाळ होऊन खाली बसते.

उरला तो पुढच्या रोलचा प्रश्न. फिल्म चढवण्याआधी तिचे टोक कापावेच लागते. ते फेकू नका. त्याचा एक तुकडा भर उजेडात डेव्हलपरमध्ये टाका. तो काळा झाला नाही तर टँक उघडूसुद्धा नका. दुसरा तुकडा हायपोत टाका आणि दुधी रंग जाऊन तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. पूर्ण रोल त्याच्या दुप्पट वेळ हायपोत ठेवा. ताज्या हायपोत लागलेल्या वेळापेक्षा तुकडा पारदर्शक होण्याचा वेळ दुप्पट भरला, तर तो हायपो संपला आहे.