नेरळची चार इंजिनं

स्वारगेट हा एसटीचा मुलूख. इथे शिट्टी म्हणजे कंडक्टरची, आणि धूर असलाच तर डिझेलचा. २०२४च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो सुरू झाली, तोपर्यंत या भागातली रुळांवरून धावणारी गाडी म्हणजे सारसबागेलगतच्या पेशवे उद्यानातली फुलराणी. ती १९५६ची. उद्यानातले प्राणी पुढे कात्रजला हलले, फुलराणी मात्र जागेवर राहिली, कारण पोरं तिच्यात बसत होती आणि ती चालत होती. जुनं यंत्र वाचवायचं तर याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. वाफेच्या खऱ्या इंजिनांच्या बाबतीत महाराष्ट्राने नेमका हाच मार्ग सोडला.

पुण्याचं वाफेशी नातं तसं लवकर सैल झालं. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. १९३०च्या सुमारास मुंबईकडचा मार्ग विजेवर गेला आणि १ जून १९३०ला दख्खनची राणी धावली. घाटातला धूर तेव्हाच संपला. दौंड आणि मिरजेच्या बाजूला तो पुढची कित्येक वर्षं राहिला. वऱ्हाडातली शकुंतला तर १९९४ पर्यंत वाफेवर होती. पण एखाद्या इंजिनाचं निवृत्तीनंतर काय होतं हे पाहायचं असेल, तर पुणेकराने कर्जत गाठावं आणि तिथून लोकलने नेरळला उतरावं.

नेरळ–माथेरान ही एकवीस किलोमीटरची रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधली. खर्च सोळा लाख, वर्ष १९०७. रुळांमधलं अंतर दोन फूट. चढ असा की वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आणि वळणं इतकी आवळ की साधं इंजिन तिथे रुळावरून उतरलंच असतं. यावर तोड काढण्यात बार्शी लाइट रेल्वेचा निर्माता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याचा हात होता. कुर्डुवाडीहून एकीकडे बार्शीला आणि दुसरीकडे पंढरपूरला वारकऱ्यांना नेणाऱ्या त्या छोट्या गाडीमागेही हाच माणूस. त्याचं डोकं कमी वजनाच्या, कमी खर्चाच्या रेल्वेने भरलेलं होतं. माथेरानसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून चार इंजिनं आली: ७३८, ७३९, ७४० आणि ७४१.

या इंजिनांची गंमत त्यांच्या आसात आहे. एरवी इंजिनाचे तिन्ही आस एकमेकांना समांतर आणि चौकटीत घट्ट बसवलेले असतात; आखूड वळणावर मग पुढची-मागची चाकं रुळाला घासतात. इथे टोकाच्या दोन आसांभोवती पोकळ नळीसारखा दुसरा आस आहे आणि चाकं त्या नळीवर बसवलेली आहेत. आतला भरीव आस ताकद देतो, बाहेरचा वळणाप्रमाणे थोडा तिरका होतो, थोडा सरकतो. क्लीन आणि लिंडनर या दोन जर्मन अभियंत्यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. तिच्यामुळे चाकं चौकटीच्या आत गेली, म्हणून ही इंजिनं बाजूने पाहिली तर बुटकी, पाय पोटाशी घेऊन बसल्यासारखी दिसतात. वाटेतल्या एका स्टेशनाचं नावच वॉटर पाइप. चढताना तिथे इंजिनाला पाणी पाजलं जायचं. पाणी भरायचं कारण गेलं, नाव राहिलं.

१९८२ पर्यंत, म्हणजे पाऊण शतक, चौघांनी ही गाडी ओढली. मग डिझेल आलं. एक इंजिन नेरळ स्टेशनजवळ चौथऱ्यावर चढलं, एक दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं. ७४० सातासमुद्रापार इंग्लंडमधल्या लेटन बझर्डला पोहोचलं. तिथली छोटी रेल्वेही दोन फुटांचीच, आणि गेली पन्नासहून अधिक वर्षं ती स्वयंसेवक चालवतात: शनिवार-रविवारी घरून डबा घेऊन येणारे, हात काळे करणारे हौशी लोक. आपल्याकडे इंजिनाला हार घालायला माणूस मिळतो, नळ्या साफ करायला मिळत नाही. कडू वाटेल, पण खरं आहे.

चौथरा म्हणजे जतन, हा आपला लाडका गैरसमज. दरवर्षी काळा-लाल रंग फासला की बाहेरून इंजिन झकास दिसतं. आत मात्र गंज टाकीपासून बॉयलरच्या नळ्यांपर्यंत शांतपणे चालत राहतो. चालत्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक काळाने धुवावा लागतो, दाबाखाली तपासावा लागतो, नळ्या बदलाव्या लागतात. भट्टी पेटवल्यापासून पुरेशी वाफ धरायला तासन् तास जातात. त्यात घाई केली तर पत्रा असमान तापून चिरतो. काचेच्या नळीत पाण्याची पातळी किती, कोळसा कुठल्या कोपऱ्यात टाकायचा, इंजेक्टर कधी रुसतो, हे पुस्तकात अर्धंच सापडतं. उरलेलं फायरमन, फिटर आणि बॉयलर मेकर यांच्या हातात असतं. शेड बंद झाली की दहा-वीस वर्षांत ते हात निवृत्त होतात.

ज्यांनी वाफ चालू ठेवली त्यांच्याकडे हे हातही टिकले. उटीच्या रेल्वेत दात्यांच्या रुळावर चढायला वाफेची इंजिनं लागतच राहिली, म्हणून तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात या शतकातही नवी इंजिनं घडली. हरियाणातल्या रेवाडीला १८९३ची शेड जपली गेली आणि तिथल्या इंजिनांत आजही निखारे पेटतात. लीड्सला १८५५ मध्ये बनलेली फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावली. माथेरानलाही २००१च्या सुमारास दार्जिलिंगचं ७९४ क्रमांकाचं इंजिन तेलावर चालेल असं करून आणलं होतं. पण स्वतःची इंजिनं चौथऱ्यावर ठेवून शेजाऱ्याचं मागून आणण्यात थोडी लाजच आहे. उलट २०२३ मध्ये अहमदाबाद–एकतानगर मार्गावर विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा मुखवटा चढवून गाडी सोडली गेली. फोटोला छान. त्यापेक्षा आपल्या कोथरूडमधलं भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय मला अधिक प्रामाणिक वाटतं. तिथली इंजिनं हातभर नसतील, पण ती खेळणी आहेत हे लपवत नाहीत, आणि धावतात.

मुंबई–ठाणे पहिली गाडी ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान यांपैकी एकही आज कुठल्या संग्रहालयात नाही. माथेरानची निदान आहेत. त्यातल्या एकाचा बॉयलर तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा, दुरुस्तीचा खर्च जाहीर करावा आणि पावसाळा सोडून आठवड्यातून एकदा तरी नेरळ ते जुम्मापट्टी एवढ्या पहिल्या टप्प्यावर ते चालवावं. तिकीट महाग ठेवलं तरी चालेल. लोक रांग लावतील. तोवर नेरळला गाडीची वाट पाहत असाल तर इंजिनापुढे सेल्फी काढून लगेच वळू नका. वाकून चौकटीच्या आतली चाकं पाहा, आणि स्टेशनमास्तरांकडे तक्रार-सूचना वही मागून त्यात ही एक सूचना लिहा.