बुंधा नसलेला वड

आईनं पर्समधून पांढऱ्या सुताचं रीळ काढलं आणि कुंपणाला हात टेकून ती समोर बघत राहिली. वटपौर्णिमा नेमकी प्रवासात आली होती, म्हणून रीळ तिनं घरूनच बरोबर घेतलं होतं. समोर नजर जाईल तिथपर्यंत वडच होता. डावीकडं खांबांसारख्या उभ्या पारंब्या, उजवीकडं पारंब्या, त्यांच्या मागं अंधुक होत गेलेल्या आणखी पारंब्या. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "अगं, पण ह्यातलं खोड कुठलं?"

खोड नाही. ते १९२५ साली कापून काढलं.

आम्ही उभ्या होतो हावड्यातल्या शिबपूरच्या वनस्पतिबागेत. कोलकात्याहून विद्यासागर सेतू ओलांडला की हुगळीच्या पश्चिम काठावर ही बाग लागते. १७८७ साली ती सुरू झाली. आज तिला जगदीशचंद्र बोसांचं नाव आहे आणि ती पसरली आहे सुमारे २७० एकरांवर. नव्या गावी गेलं की तिथली वनस्पतिबाग शोधायची ही माझी जुनी सवय. तिथं झाडांवर नावाच्या पाट्या असतात, पाटीवर झाडाचं मूळ गाव असतं, आणि आजवर न पाहिलेलं काहीतरी हमखास भेटतं. शिबपूरला मात्र मी जे पाहायला गेले ते जन्मापासून ओळखीचं होतं. वड. आमच्या वाड्यासमोर होता, शाळेमागं होता, मामाच्या गावाला एसटी थांबायची ती वडाखालीच. त्याच्याबद्दल नवं काय कळणार, असंच मला वाटत होतं.

हा वड बागेपेक्षाही जुना, अडीचशे वर्षांच्या पुढचा. त्याच्या विस्ताराचा घेर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरतो, ४८६ मीटर. साडेचार एकरांहून जास्त जागा त्यानं व्यापली आहे. जमिनीत उतरलेल्या पारंब्या साडेतीन हजारांहून अधिक. उंची मात्र पंचवीस मीटरच्या आतच. लांबून पाहिलं तर हे एक झाड आहे असं वाटतच नाही, एक बुटकं, दाट रान वाटतं. जवळ गेल्यावर लक्षात येतं की ह्या रानात दुसऱ्या जातीचं एकही पान नाही, आणि वरच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. ह्या टोकाच्या पारंबीवर हात ठेवला आणि पलीकडच्या टोकाला गेलो, तरी आपण त्याच एका जिवापाशी असतो.

१८६४ आणि १८६७ साली बंगालवर मोठी चक्रीवादळं आली. त्यांत वडाच्या थोरल्या फांद्या मोडल्या, त्या उघड्या जखमांमधून बुरशी आत शिरली आणि हळूहळू मुख्य बुंधा सडत गेला. जमिनीपासून माणसाच्या उंचीवर त्याचा घेर १५.७ मीटर होता. नऊ-दहा माणसांनी हात धरून कडं केलं तर जेमतेम पुरं पडावं इतका. बुरशी उरलेल्या झाडात पसरू नये म्हणून १९२५ साली तो अख्खा काढून टाकला. झाड होतं तसंच उभं राहिलं. त्यानंतरची शंभर वर्षं ते वाढतंच आहे.

हे ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे आलं, तेच माझ्या मनात होतं. बुंध्याशिवाय झाड कसं जगतं?

उत्तर पारंबीत आहे. वडाची फांदी आडवी वाढते, लांबच लांब जाते. घराची तुळई अशी भिंतीबाहेर काढत नेली तर एका टप्प्यावर स्वतःच्याच वजनानं मोडेल, तिला टेकू लावावाच लागतो. वड आपला टेकू आपणच सोडतो. फांदीतून बारीक मुळं फुटतात आणि दाढीसारखी हवेत लोंबत राहतात. आपण लहानपणी ज्यांना धरून झोके घेतले, त्या ह्याच. त्या वाऱ्यानं हलतात, वाकतात, गुरं त्यांची टोकं खुडतात. पण एखादी जमिनीला टेकली की सगळं बदलतं. टोकाकडून मातीत मुळं पसरतात, पाणी वर चढू लागतं, आणि दोरीसारखी ती पारंबी वर्षागणिक जाड होत खांब होते. वडाच्या भावकीतल्या एका झाडावर शास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मातीत रुजलेली पारंबी आतून आखडते, वाकडी असेल तर सरळ होते आणि ताणलेल्या तारेसारखी घट्ट बसते.

मग हा खांब नुसता टेकू राहत नाही. वरच्या फांदीला लागणारं पाणी आता थेट खालच्या मातीतून येतं, दूरच्या बुंध्याची वाट पाहावी लागत नाही. अशा शेकडो फांद्यांची आपापली सोय झाली, की मूळ बुंधा ह्या मोठ्या बिऱ्हाडातला एक खांब उरतो. १९२५ साली बुंधा गेला तेव्हा त्याचं काम केव्हाच वाटून दिलेलं होतं.

बागेतले माळी ह्या कामाला हातभार लावतात. कोवळ्या पारंबीला पोकळ बांबूतून जमिनीकडं नेतात. त्यानं तिला आधार मिळतो, ओल मिळते, आणि ती नेमकी हव्या त्या जागी उतरते. वडाभोवती ३३० मीटर लांबीचा एक गोल रस्ता आहे. तो बांधला तेव्हा झाड त्याच्या आत होतं, आता ते रस्त्याच्या बाहेर गेलं आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून तोडलेले वड आपण महाराष्ट्रात किती पाहिले! इथं वडानंच रस्ता ओलांडला आणि माणसांनी त्याला ओलांडू दिला. त्या एका गोष्टीसाठी मला ह्या बागेतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या माळ्यांना नमस्कार करावासा वाटला.

ह्याहून पसरलेला वडही आपल्या देशात आहे, आंध्र प्रदेशात, तिम्मम्मा मर्रीमानू नावाचा. नर्मदेतल्या बेटावरचा कबीरवड आहे, संगमनेरजवळ पेमगिरीचा वड आहे. पण मधला बुंधा हरवूनही इतकं वाढलेलं झाड मी दुसरं पाहिलेलं नाही.

कुंपणापाशी लाल, पिकलेली फळं पडली होती. आई म्हणाली, "वडाला फूल कसं ते कधी बघितलं नाही बाई." फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण 'उंबराचं फूल झालास' म्हणतो, कारण उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. वड उंबराचाच सख्खा भाऊ, त्याचंही फूल दिसत नाही. मी एक फळ उचलून नखानं फोडलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. ती फुलंच बघत होती. आपण ज्याला वडाचं फळ म्हणतो, ती मुळात एक बंद थैली असते आणि तिच्या आतल्या अस्तरावर शेकडो बारीक फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. बाग आत आणि भिंत बाहेर.

आता ह्या कोंडलेल्या फुलांपर्यंत पराग पोचवणार कोण? वारा आत शिरू शकत नाही, मधमाशी शिरू शकत नाही. त्यासाठी वडानं तिळापेक्षाही लहान अशा एका जिवाशी सोयरीक जुळवली आहे. गांधीलमाशीच्या कुळातला हा कीटक, त्याचं शास्त्रीय नाव युप्रिस्टिना मसोनी. फळाच्या टोकाला खवल्यांनी झाकलेलं एक अरुंद छिद्र असतं. अंगावर पराग घेऊन आलेली मादी त्यातून आत घुसते. वाट इतकी चिंचोळी की तिचे पंख बहुधा दाराशीच तुटतात, ती पुन्हा बाहेर पडणार नसते. आत ती काही फुलांत अंडी घालते, काही फुलांना पराग देते आणि तिथंच मरते. काही आठवड्यांनी पुढची पिढी तयार होते. नरांना पंखच नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, थैलीच्या भिंतीतून बाहेर जायला भुयार कोरतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन त्या भुयारातून बाहेर पडतात, हातात जेमतेम दिवस-दोन दिवसांचं आयुष्य घेऊन. तेवढ्या वेळात त्यांना दुसरा वड शोधायचा असतो, आणि तोही नेमक्या अवस्थेतली फळं लागलेला. एका वडावरची फळं साधारण एकदमच ह्या अवस्थेत येतात, दुसऱ्या वडाचा हंगाम वेगळा असतो. म्हणजे परिसरात वड पुरेसे असले, तरच कुठल्या ना कुठल्या वडाचं दार उघडं सापडतं. एकटा वड कितीही मोठा असला तरी त्याच्या ह्या पाहुण्यांना पुरत नाही.

ह्या व्यवहारातून पिकलेल्या फळांवर मग पाखरांची गर्दी होते. तांबट, बुलबुल, कोकीळ, आणि आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियालसुद्धा. पाखराच्या विष्ठेतून बी कुठल्याशा ताडामाडाच्या बेचक्यात पडतं, तिथंच रुजतं आणि वरून खाली मुळं सोडत येतं. शिबपूरचा हा वडही एका खजुरीच्या झाडावर उगवला होता आणि त्या खजुरीखाली एक फकीर बसत असे, असं सांगतात. खजूर कधीच गुदमरून गेली असणार. वडाचा तोही एक स्वभाव आहे, आणि पूजा करताना आपण तो विसरतो.

पाटीवर नाव होतं फायकस बेंगालेन्सिस. १७५३ साली लिनियसनं ते ठेवलं, म्हणजे आपल्या वडाच्या शास्त्रीय नावातच बंगाल आहे. इंग्रजीतल्या 'बनियन' ह्या शब्दात मात्र आपला वाणी लपलेला आहे. इराणच्या आखातातल्या बंदरावर हिंदू व्यापारी ह्या झाडाखाली बसत, ते युरोपीय प्रवाशांनी पाहिलं आणि व्यापाऱ्यांचं नाव झाडाला चिकटलं.

बागेतच पुढं कृष्णवड आहे. त्याचं पान देठापाशी दुमडून द्रोणासारखं होतं. श्रीकृष्णानं त्यात लोणी लपवलं होतं अशी कथा आहे. १९०१ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी ह्या वडाची शास्त्रीय नोंद केली ती इथल्याच झाडावरून. आईनं एक पडलेलं पान उचललं, त्यात बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, आणि ते गळत नाही हे पाहून ती लहान मुलीसारखी हसली.

बाकीच्या बागेत आम्ही भराभर फिरलो. वेस्ट इंडीजमधून १७९५ साली आणलेली महोगनी, एकाच वेळी निरनिराळ्या आकारांची पानं येणारं 'वेडं झाड', तळ्यातली परातीएवढी कमळाची पानं. एका झाडापाशी मात्र पाय थबकले. सेशेल्स बेटांवरचा जोडनारळ इथं १८९४ साली लावला. वनस्पतींमधलं सगळ्यांत मोठं बी ह्याचं, वजनाला पंचवीस किलोपर्यंत. त्याचं झाड कुठं वाढतं ते अठराव्या शतकापर्यंत जगाला ठाऊकच नव्हतं. नारळ तेवढे समुद्रातून वाहत आपल्या किनाऱ्यांना लागत, म्हणून लोक समजत की ह्याचं झाड समुद्राच्या तळाशी उगवतं. फकिरांच्या हातातली कटोरी अनेकदा ह्याच करवंटीची असायची. इथलं झाड मादी, आणि ह्या बागेत त्याला जोडीदार नाही. म्हणून दूरदेशीचे पराग आणून शास्त्रज्ञांनी हातानं परागण केलं, तेव्हा कुठं त्याला फळ धरलं.

ही बाग उभारण्यामागं एक दुष्काळ आहे. १७७० साली बंगालमध्ये माणसं अन्नावाचून मेली होती. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीचे कर्नल रॉबर्ट किड ह्यांनी १७८६ साली लिहिलं की साबुदाण्याच्या पामासारखी अन्न देणारी झाडं आणून इथं वाढवावीत. कंपनीला जहाजांसाठी सागही हवा होता, मसालेही हवे होते. साग इथल्या गाळाच्या मातीत नीट झालाच नाही. पुढं १७९३ साली विल्यम रॉक्सबर्ग बागेचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी वनस्पतींची अडीच हजारांहून जास्त चित्रं काढून घेतली. ती काढली भारतीय चित्रकारांनी. पानांची शीर न्‌ शीर, बीचा काप, पाकळीवरची लव, सगळं त्यांत आहे. काढणाऱ्यांची नावं मात्र बहुतेक कुणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या पुण्याजवळ दापोडीला अशीच एक वनस्पतिबाग होती. डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख असताना १८४७ ते १८५० ह्या काळात तिथंही चित्रं काढली गेली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेत जपलेली आहेत. बाग उरली नाही, आणि चित्रकाराचं नावही उरलं नाही. झाडाच्या पाटीवर त्याला नाव देणाऱ्याचं नाव असतं, तशी त्याला इतकं निरखून पाहणाऱ्याचीही नोंद राहायला हवी होती, असं मला फार मनापासून वाटतं.

ऊन कलल्यावर आम्ही परत वडापाशी आलो. २०२०च्या मे महिन्यात आलेल्या अम्फान वादळानं इथल्या कित्येक पारंब्या पाडल्या, त्या जागी मोकळं आकाश दिसतं. त्याच मोकळ्या जागेच्या कडेला नवी मुळं खाली निघाली होती. त्यांची टोकं कोवळी, पिवळसर.

आई सुताचं रीळ अजून हातातच धरून होती. "सूत कुठं गुंडाळायचं ते आता कळत नाही," ती म्हणाली, "पण फेऱ्या तर घालता येतील ना?"

सात फेऱ्या म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोमीटर झाले असते. मी हिशेब सांगितला. तिनं चप्पल नीट केली, पदर खोचला, सुताचं एक टोक माझ्या बोटात अडकवलं आणि रीळ सोडत ती वडाच्या कडेकडेनं चालू लागली. तिसाव्या-चाळिसाव्या पावलाला ती पारंब्यांआड गेली. ती दिसत नव्हती, पण सूत माझ्या बोटावर हलकेच ओढलं जात होतं.