घरातली हवा सर्वांची

नायगावात वाऱ्याला तोटा नाही. खाडीवरून, मिठागरांवरून तो येतच असतो. पण खोलीचे दार-खिडकी लावली, की वारा बाहेरच राहतो. मग आतली हवा म्हणजे माठातले पाणी. एकाने ती घाण केली, तर सगळ्या घराला भोगावे लागते.

हल्ली काही तरुण पोरांच्या हातात एक नवी वस्तू दिसते. ती ई-सिगारेट. पोरं तिला वेप म्हणतात. काही तर अगदी पेनासारख्या दिसतात. आत बॅटरी, बारीक तार आणि थोडा रसायनांचा द्रव असतो. तार तापते, त्या द्रवाचे धुके होते आणि पोरगा ते ओढतो. वास आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा. राख नाही, काडी नाही. पोरं म्हणतात, "ही तर नुसती वाफ!"

नुसती वाफ कशी? भाताच्या वाफेत पाणी असते. या धुक्यात बहुधा निकोटिन असते. तंबाखूची चटक लावते ते हेच. शिवाय रसायनांचे अगदी बारीक थेंब असतात. ते थेट फुफ्फुसात उतरतात. बंद खोलीत ते न ओढणाऱ्याच्याही छातीत जातात. पाळण्यातले बाळ उठून बाहेर जाईल काय? दमेकरी आजीने कुठे जावे?

माणसाचा मेंदू सुमारे २५ वर्षांपर्यंत घडत असतो. कोवळ्या वयात चटक लवकर लागते आणि सुटता सुटत नाही.

म्हणून २०१९ साली आपल्या देशात ई-सिगारेटवर बंदी आली. ती विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तिचा साठा करणे हाही गुन्हा आहे.

पोराच्या खिशात वेप सापडली तर काय करावे? मारू नये. मारले तर तो चोरून ओढील. जवळ बसवावे, या सगळ्या गोष्टी समजावून सांगाव्यात. सवय सुटत नसेल, तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

आणि एक गोष्ट थोरांसाठी. बापाच्या तोंडात विडी असेल, तर पोरगा कोणाचे ऐकणार? आधी आपली विडी विझवावी. मग पोराला सांगावे, "बाळा, या घरात धूर नको."